विश्रांतीकडून चालण्याकडे

गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. त्या वेळी संस्थेकडे स्वतःची इमारत नव्हती, पण रुग्णांची वानवा एक दिवसही भासली नाही. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय ही शहरातली दोन जुनी सरकारी रुग्णालये महाविद्यालयाशी जोडली गेली आणि शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी तिथल्याच वॉर्डांत शिकू लागली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे नाव आमच्या पाटीवर आले. चंद्रपूरला आदल्याच वर्षी महाविद्यालय झाले होते. त्याआधी या टोकाच्या माणसाला ‘मोठा दवाखाना’ म्हणजे सुमारे १३० किलोमीटरवरचे नागपूरच. शहरातले लोक आजही आम्हाला महाविद्यालय म्हणत नाहीत. ते ‘केटीएस’ला येतात, ‘गंगाबाई’ला येतात. जुन्या रुग्णालयांनी मिळवलेला विश्वास आम्हाला वारशाने मिळाला, ही या संस्थेच्या इतिहासातली पहिली नोंद व्हायला हवी.

विभागांची स्थापना, अधिष्ठात्यांचा कार्यकाळ, निकाल, खाटांची वाढ हे सारे या स्मरणिकेत इतरत्र आले आहे. मी हा इतिहास एकाच बाजूने लिहितो आहे: दम लागणाऱ्या माणसांच्या. “चार पावलं चाललो का दम भरते जी,” असे म्हणत जो माणूस ओपीडीच्या बाकावर टेकतो, त्याच्यासाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वैद्यकशास्त्राने काय बदलले, ते आमच्या जिल्ह्यापर्यंत कसे पोचते आणि अजून कुठे अडते, हे सांगायचे आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. धान, जंगल, तलाव आणि बीडी यांवर इथला संसार उभा आहे. या चौघांपैकी तलाव सोडले तर बाकी तिघांचा फुप्फुसांशी संबंध येतोच.

बीडीपासून सुरुवात करतो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे माणसे तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतात. दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फडावर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. पुढे त्या पानांच्या बीड्या वळल्या जातात, आणि हे काम बहुतेक बायाच करतात, घराच्या ओसरीवर, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन. या व्यवसायाने जिल्ह्याला रोजगार दिला. बीडी उद्योगातल्या मनोहरभाई पटेलांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटीच्या मार्फत शाळा-महाविद्यालये उभी केली आणि त्यातून शिकलेली माणसे आज या संस्थेतही काम करतात. हे ऋण मान्य करूनच दुसरी बाजू सांगावी लागते. बीडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो, पण ती विझू नये म्हणून ओढणाऱ्याला वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात. तीस-चाळीस वर्षे हे चालले की श्वासनलिका अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे कप्पे फाटून एकमेकांत मिसळतात आणि आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडेनाशी होते. यालाच सीओपीडी म्हणतात. लोक त्यालाही दमाच म्हणतात, पण दम्यात श्वासनलिका औषधाने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात आणि सीओपीडीत तेवढ्या होत नाहीत, हा फरक उपचाराच्या दृष्टीने मोठा आहे.

मग धान. मळणीच्या दिवसांत थ्रेशरभोवती उडणारी धूळ, राइस मिलमधला कोंडा, उसना तांदूळ करताना तुसावर पेटवलेल्या भट्ट्या. आणि या सगळ्यांहून जुनी म्हणजे जंगलातल्या सरपणावरची चूल. डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा, कधीच धूम्रपान न केलेल्यांमधल्या सीओपीडीवरचा लेख २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि घरातल्या धुराचे माप जगापुढे मांडले गेले. आमच्या ओपीडीत आलेली साठीची बाई “मी तर बीडीला हात नाही लावला कधी” असे सांगते तेव्हा ती खरेच बोलत असते. तिने लाकूड आणि गोवऱ्यांपुढे बसून आयुष्यभर स्वयंपाक केलेला असतो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, म्हणजे आमच्या महाविद्यालयाच्याच वर्षी. सिलिंडर घरोघर आले, त्याचे मोल मोठे आहे. पण चाळीस वर्षांचा धूर त्याने पुसला जात नाही, आणि आंघोळीचे पाणी अजूनही अनेक घरांत चुलीवरच तापते.

चौथे कारण क्षयरोग. सहा महिन्यांची औषधे पूर्ण होतात, थुंकीत जंतू सापडत नाहीत, कार्डावर ‘बरा झाला’ असे लिहिले जाते, आणि तरीही माणूस पूर्वीसारखा धानाच्या बांधीवर काम करू शकत नाही. फुप्फुसाचा एखादा भाग आक्रसलेला, एखाद्या ठिकाणी पोकळी, एखादी श्वासनलिका कायमची रुंद होऊन कफ साठवणारी. क्षयरोग कार्यक्रमाच्या दृष्टीने तो यशस्वी उपचारांत मोजला जातो. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने आजार अजून चालूच असतो.

देशाचा आकडा पाहिला तर १९९० मध्ये भारतात सीओपीडीचे रुग्ण सुमारे २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ मध्ये सुमारे ५ कोटी ५३ लाख झाले. हा अंदाज २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने प्रसिद्ध केला. आमचे महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षीचा हा आकडा आहे, म्हणून तो इथे नोंदवावासा वाटला.

या माणसांना पूर्वी काय सांगितले जाई? पडून राहा. क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये तर विश्रांती हाच उपचार होता: मोकळी हवा, पौष्टिक जेवण आणि महिनोन्‌महिने खाट. औषध नव्हते तेव्हा वैद्यांच्या हातात दुसरे फारसे काही नव्हते, त्यामुळे त्या पिढीला दोष देता येत नाही. पण औषधे आल्यावरही विश्रांतीचा दबदबा टिकून होता, आणि त्याला धक्का दिला आपल्याच देशाने. मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना, गर्दीच्या, गरीब वस्तीतल्या त्यांच्या घरीच, तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहणारे जवळपास तेवढेच बरे झाले. अन्न कमी, आराम कमी, तरीही. पुढे जगभर क्षयरोगाचे उपचार घरी होऊ लागले त्याच्या मुळाशी हा अभ्यास आहे. खाटेची सक्ती उठली, पण ‘जास्त हिंडू-फिरू नका’ हे वाक्य मात्र दवाखान्यांतून आणि घरांतून गेले नाही. आजही सून सासऱ्याला मायेने म्हणते, “बाबाजी, तुम्ही बसा, मी आणतो पाणी.” आणि त्या मायेतच माणूस दर महिन्याला थोडा थोडा अधू होत जातो.

असे का होते, हे नीट सांगायला हवे, कारण सगळा उपचार त्यावर उभा आहे. चालताना धाप लागते म्हणून माणूस चालणे टाळतो. न चालल्याने मांड्यांचे स्नायू आटतात. आटलेले स्नायू थोड्याशा श्रमानेही थकतात आणि लवकर आम्ल तयार करतात. ते आम्ल निकामी करण्यासाठी शरीराला अधिक हवा फिरवावी लागते, म्हणजे धाप आणखी वाढते. मग माणूस आणखी कमी चालतो. अंगणापर्यंतचे चालणे ओसरीपर्यंत येते, ओसरीचे खाटेपर्यंत. रिचर्ड कॅसाबुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की सीओपीडीच्या रुग्णांना ठरावीक पद्धतीने व्यायाम दिला तर तेवढ्याच श्रमाला रक्तातले आम्ल कमी वाढते आणि श्वासाची मागणीही उतरते. फुप्फुस होते तसेच राहते. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीचा, आकडा हलत नाही. बदलतात ते पाय.

मला वाटते, या विषयातली सर्वांत आशेची आणि सर्वांत कमी सांगितली गेलेली गोष्ट हीच आहे. रुग्ण येतो छातीची तक्रार घेऊन, आणि त्याचे बरेचसे बळ मांडीत परत मिळवता येते.

ही कल्पना अचानक सुचलेली नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या चार्ल्स डेनिसन यांनी १८९५ मध्येच फुप्फुसाच्या रुग्णांसाठी व्यायाम आणि आहार यांवर पुस्तक लिहिले होते, पण सॅनेटोरियमच्या लाटेत ते मागे पडले. विसाव्या शतकाच्या मध्यात अॅल्व्हन बराक यांनी प्राणवायू देऊन रुग्णांना चालवून पाहिले. १९६०च्या दशकात पुन्हा डेन्व्हरलाच टॉमस पेटी यांनी शिक्षण, श्वसनाचे तंत्र आणि व्यायाम यांचा एकत्रित बाह्यरुग्ण कार्यक्रम आखला, ज्याला आज फुप्फुसांचे पुनर्वसन म्हणतात. त्यानंतरची कित्येक दशके पुरावा गोळा करण्यात गेली. २०१५ मध्ये, वैद्यकीय पुरावा एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण एकत्र मांडले गेले: पुनर्वसन घेतलेल्यांचे सहा मिनिटांतले चालणे सरासरी सुमारे ४४ मीटरने अधिक होते, धाप आणि थकवा कमी होता. याचा फायदा होतो की नाही हे तपासायला आणखी चाचण्या नकोत, असे त्यानंतर कॉक्रेनच्या संपादकांनी मांडले. वैद्यकात असे म्हणण्याची वेळ क्वचित येते.

४४ मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. घरापासून हातपंपापर्यंतचे अंतर डोळ्यांपुढे आणले की वाटत नाहीत.

भारतात या कामाचा पाया फिजिओथेरपीने घातला, आणि तो महाराष्ट्रात घातला गेला. १९५३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे देशातले पहिले विद्यालय सुरू झाले. त्या काळी डोळ्यांसमोर पोलिओची मुले होती. छातीचे रुग्ण नंतर आले. आज विदर्भात फिजिओथेरपी शिकवणारी महाविद्यालये आहेत आणि त्यांतून शिकलेली मुले-मुली जिल्हा रुग्णालयांत दिसतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठातल्या प्रा. सॅली सिंग यांच्या ‘ग्लोबल रिचार्ज’ या गटात भाग घेऊन, आपल्यासारख्या देशांत फुप्फुसांचे पुनर्वसन कसे बसवता येईल याचा अभ्यास केला. त्या गटात श्रीलंका, किर्गिझस्तान आणि युगांडाही आहेत. युगांडाच्या डॉक्टरांनी क्षयरोगातून उठलेल्यांसाठी हा व्यायाम बांधला आणि रुग्णांची चाल सुधारल्याचे २०१७ मध्ये नोंदवले. आपल्याला लंडन-डेन्व्हरपेक्षा युगांडाच्या कंपालाकडून शिकण्यासारखे अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे रुग्ण आपल्या रुग्णांसारखे आहेत: क्षयाने पोखरलेली फुप्फुसे, अंगमेहनतीचे काम, आणि रुग्णालयापर्यंतचा लांबचा रस्ता.

आता प्रत्यक्षात हे काय असते ते लिहितो. स्मरणिका घरी नेली जाते, बैठकीत पडून असते. कुणाच्या तरी वडिलांना उपयोग होईल.

सुरुवात मोजमापाने होते. ३० मीटरचा सपाट, सरळ रस्ता, दोन टोकांना खुणा, आणि सहा मिनिटे. या चाचणीला बुटलँड आणि सहकाऱ्यांच्या १९८२ च्या लेखाने रूप दिले. त्याआधी रुग्णांना बारा मिनिटे चालवत, ते आजारी माणसाला फार होई. रुग्णाने आपल्या चालीने, जमेल तितके चालायचे. दम लागला तर थांबायचे, पण घड्याळ थांबत नाही. बोटाला ऑक्सिमीटर. आधी आणि नंतर धाप किती वाटते ते शून्य ते दहा या मापात विचारायचे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचे हे माप आहे आणि निरक्षर माणसालाही ते दोन मिनिटांत समजते. चाचणी दोनदा घ्यावी, कारण दुसऱ्या खेपेला रुग्णाची भीड चेपते आणि तो थोडे अधिकच चालतो.

त्यावरून मात्रा ठरते. समजा काकाजी सहा मिनिटांत ३०० मीटर चालले. म्हणजे मिनिटाला ५० मीटर. त्याच्या ८० टक्के, म्हणजे मिनिटाला ४० मीटर या वेगाने त्यांना दहा मिनिटे चालवायचे: एकूण ४०० मीटर, ३० मीटरच्या पट्ट्यावर साधारण तेरा खेपा. मध्ये खुर्चीवर टेकायला हरकत नाही. दर आठवड्याला वेळ वाढवत नेऊन सलग अर्धा तास चालणे साधायचे. धाप लागायलाच हवी. बोर्गच्या मापात तीन ते पाचच्या दरम्यान. हे पटवून देणे सर्वांत अवघड असते, कारण रुग्णाने आयुष्यभर धापेला धोक्याची सूचना मानलेले असते. सोबत चालणारा माणूस इथे औषधापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

चालण्याबरोबर ताकदीचे व्यायाम. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरी चढणे-उतरणे, लिटरभर पाण्याची बाटली हातात धरून दंड उचलणे. बायांना हातांचे व्यायाम आवर्जून द्यावे लागतात. वेणी घालताना, दोरीवर कपडे टाकताना, फळीवरचा डबा काढताना त्यांना चालण्यापेक्षाही जास्त धाप लागते, कारण खांद्याभोवतीचे जे स्नायू आजारी माणसाला श्वास घ्यायला मदत करत असतात तेच हात वर धरण्यात गुंततात. मग श्वासाचे तंत्र: नाकाने आत, ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर, आत घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळात. धाप लागली की भिंतीला किंवा गुडघ्यांना हात टेकून पुढे झुकायचे. ज्यांना कफ फार त्यांना तो खोकून-खोकून न दमता हवेच्या फुंकरीने वर आणायला शिकवायचे. इनहेलर बरोबर ओढला जातो की नाही हे प्रत्येक भेटीत पाहायचे. वर्षानुवर्षे चुकीच्या पद्धतीने ओढणारे खूप असतात. जेवणात भाताच्या जोडीला डाळ, अंडी, आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतले मासे, कारण व्यायामाने स्नायू वाढायला प्रथिने लागतात. आणि बीडी बंद. हे आठवडाभर पुढे ढकलण्यासारखे नाही.

प्राणायाम चालेल का, हे हमखास विचारले जाते. सावकाश, लांब श्वास सोडण्याचे प्रकार चांगले, ते जरूर करावेत. ज्यात झटके देऊन भराभर श्वास सोडायचा असतो ते प्रकार, छातीत आधीच हवा कोंडलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने करू नयेत. आणि कोणताही प्राणायाम चालण्याची जागा घेऊ शकत नाही, कारण तो बसून होतो आणि पाय बसलेलेच राहतात.

पथ्यही आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, छातीत वारंवार दुखणारा माणूस आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जायला हवा. थुंकीत क्षयाचे जंतू असलेल्याला गटात आणायचे नाही, आधी औषधे. चालताना ऑक्सिमीटरचा आकडा ८८ च्या खाली उतरला तर थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. हे सारे आठवड्यातून दोन-तीनदा, किमान सहा ते आठ आठवडे. त्यानंतर घरी चालू ठेवले नाही तर वर्षभरात कमावलेले बरेचसे ओसरते.

ज्या रुग्णाला थंडीत त्रास वाढून वॉर्डात दाखल व्हावे लागते, त्याच्यासाठी हा उपचार तर जिवाचाच प्रश्न आहे. अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ९७ हजार वृद्ध सीओपीडी रुग्णांच्या नोंदी लिंडेनॉअर यांच्या गटाने तपासल्या. घरी गेल्यापासून ९० दिवसांच्या आत पुनर्वसन सुरू केलेल्यांत वर्षभरातले मृत्यू स्पष्टपणे कमी होते. २०२० मध्ये आलेला हा अभ्यास नोंदींवर बेतलेला आहे. जे मुळात सशक्त होते तेच पुनर्वसनाला आले असण्याची शक्यता उरते. पण त्यातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो: इतक्या संपन्न देशातही अवघ्या दीड टक्के रुग्णांना हा उपचार ९० दिवसांत मिळाला. यंत्र विकायचे नसते, गोळी विकायची नसते, म्हणून याचा आग्रह धरणारे कुणी नसते. सरकारी रुग्णालयानेच तो धरायचा असतो.

कोविडने हे सगळे एकदम समोर आणले. आमच्या पहिल्या तुकडीचे शिक्षण संपत आले होते तेव्हाच साथ आली. जी मुले श्वसनाचे शास्त्र पुस्तकात शिकली होती त्यांनी ते खाटेशेजारी पाहिले. ऑक्सिमीटर घराघरांत पोचला. पालथे झोपणे, तीन चेंडूंचे श्वास ओढायचे यंत्र हे शब्द खेड्यांतही बोलले जाऊ लागले. बरे झालेल्यांना महिनोन्‌महिने दम लागत राहिला आणि त्यांना व्यायाम सांगावा लागला. फुप्फुसाच्या आजारानंतर शरीर पुन्हा कमवावे लागते, ही गोष्ट त्या दोन वर्षांत सामान्य माणसाला पटली. ही समज टिकवणे हे आता आमचे काम आहे, कारण सीओपीडीचा रुग्ण लाटेसारखा येत नाही; तो दररोज येतो, एकेकटा, आणि कुणाच्या बातमीत नसतो.

अडचण आहे ती अंतराची. अर्जुनी मोरगावचा माणूस बल्लारशाकडून येणारी गाडी पकडून गोंदियाला येतो, सालेकसा-देवरीचा बसने येतो, आणि त्याचा पूर्ण दिवस जातो. रोवणीच्या दिवसांत त्याला ‘आठवड्यातून तीनदा या’ सांगणे म्हणजे तीन दिवसांची मजुरी सोडा असे सांगणे आहे. तो येत नाही तेव्हा ‘रुग्णाने उपचार सोडला’ अशी नोंद होते. माझ्या मते ती नोंद चुकीची आहे. उपचार त्याच्यापर्यंत पोचला नाही, असे लिहायला हवे.

याला उपाय आहे आणि तो तपासून झालेला आहे. ऑस्ट्रेलियात अॅन हॉलंड यांच्या गटाने आठ आठवड्यांचा घरगुती कार्यक्रम आखला: सुरुवातीला एक घरभेट, मग दर आठवड्याला एक फोन. असे सात फोन. यंत्रे नाहीत. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत हा कार्यक्रम रुग्णालयातल्या कार्यक्रमापेक्षा कमी ठरला नाही. आमच्या जिल्ह्यात यासाठी लागणारी माणसे आधीपासून आहेत. आशाताईंच्या हातात जो सीबॅक फॉर्म असतो, त्यात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला दम लागतो का हे विचारलेले असते आणि स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता हेही. २०२३ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सीओपीडी आणि दमा यांना असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात रीतसर स्थान दिले. आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. म्हणजे दम लागणारा माणूस शोधण्याची सोय गावात झालेली आहे. शोधल्यानंतर त्याला चालायला शिकवण्याची सोय जोडायची राहिली आहे. क्षयरोगाच्या औषधांचा कोर्स संपवणाऱ्यालाही शेवटच्या गोळीबरोबर चालण्याचा तक्ता मिळायला हवा. क्षयोत्तर फुप्फुसविकाराच्या तपासणी आणि पुनर्वसनासाठी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली आहेत, ती वापरायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

महाविद्यालयाच्या नव्या इमारतीची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते झाली. शेजारच्या भंडारा आणि गडचिरोलीलाही आता वैद्यकीय महाविद्यालये मंजूर झाली आहेत, त्यामुळे पूर्व विदर्भातला भार वाटला जाईल आणि एकमेकांकडून शिकताही येईल. नव्या इमारतीसाठी अनेक विभागांच्या मागण्या आहेत, त्यांत मी एक जोडतो. तळमजल्यावर, छातीच्या ओपीडीला लागून, ३० मीटर लांबीचा सरळ, सावलीतला आणि वर्दळ नसलेला व्हरांडा ठेवावा. दर तीन मीटरवर फरशीत खूण असावी, कडेला कठडा आणि तीन-चार खुर्च्या, आणि भिंतीवर प्राणवायूची एक जोडणी. तिरोड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयांत असाच पट्टा आखून घ्यावा. तिथे आठवडी बाजाराच्या दिवशी महाविद्यालयातून फिजिओथेरपिस्ट जावा, म्हणजे बाजाराला आलेला माणूस त्याच फेरीत चालण्याची चाचणी देईल, पुढच्या आठवड्याचा तक्ता घेईल आणि संध्याकाळच्या बसने गावी परतेल. एका तालुक्यात वर्षभर हे करून पाहायला एक पद, एक ऑक्सिमीटर, एक टेप आणि एक फोन लागेल. सुरुवात तिरोड्यापासून करता येईल.